भाऊ गप्प झालाय: नैराश्य, निगेटिव्ह लक्षणं की औषधाचा परिणाम?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. धाकटा भाऊ, वय 26. आठ महिन्यांपूर्वी सायकोसिसचा (नसलेले आवाज ऐकू येणं, खोटे संशय येणं, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा) पहिला एपिसोड झाला. रिस्पेरिडोन सुरू झालं आणि वाढत वाढत 6 मिलिग्रॅमवर गेलं. आवाज थांबले, संशय ओसरला. पण गेले तीन-चार महिने तो दिवसभर पडून असतो. विचारल्याशिवाय बोलत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही, आंघोळीसाठीही मागे लागावं लागतं. एक डॉक्टर म्हणाले, ही आजाराचीच निगेटिव्ह लक्षणं आहेत. दुसऱ्यांनी नैराश्य म्हणून फ्लुऑक्सेटिन लिहून दिलं, ते अजून सुरू केलेलं नाही. घरात काहींचं म्हणणं, गोळ्यांनीच असा झालाय, बंद करून टाका.

मी त्याला तपासलेलं नाही, त्यामुळे त्याला नेमकं काय झालंय हे इथून सांगणार नाही. पण या प्रश्नाचा विचार कोणत्या क्रमाने करायचा ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घोळ क्रम चुकल्यानेच होतो. तिघांचंही म्हणणं एकाच वेळी थोडं थोडं खरं असू शकतं. अशा रुग्णाकडे पाहताना मी आधी औषध तपासतो, मग नैराश्य, आणि ‘आजाराची मूळ निगेटिव्ह लक्षणं’ हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढतो. पहिल्या दोन गोष्टींवर बऱ्यापैकी इलाज आहे, तिसरीवर तुटपुंजा. मूळ निगेटिव्ह लक्षणांचा शिक्का घाईने बसला की पुढचे शोध थांबतात आणि माणूस वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो.

निगेटिव्ह लक्षणांत साधारण पाच गोष्टी धरतात: चेहरा आणि आवाज सपाट होणं, बोलणं आटणं, काही करण्याची प्रेरणा जाणं, माणसांत मिसळावंसं न वाटणं आणि आनंद न वाटणं. आता यातल्या शेवटच्या तीन नैराश्यातही जशाच्या तशा दिसतात. म्हणजे ‘तो उठत नाही, कुणाला भेटत नाही, कशात रस नाही’ एवढ्या माहितीवर दोन्हींतला फरक कळूच शकत नाही. घरचे नेमकं एवढंच सांगतात आणि घाईची ओपीडी असेल तर डॉक्टरही एवढ्यावरच ठरवून मोकळे होतात.

फरक दिसतो तो दोन टोकांना. सपाट चेहरा, एकसुरी आवाज, हातवारे नाहीत, उत्तरं एका शब्दात, हे सगळं निगेटिव्ह लक्षणांकडे झुकतं. निराशा, ‘माझं आता काही होणार नाही’ ही भावना, अपराधीपणा, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार, पहाटे तीन-चारला जाग येऊन परत झोप न लागणं, सकाळी जड आणि संध्याकाळी किंचित हलकं वाटणं, हे नैराश्याकडे. पहिल्या गटातलं बाहेरून दिसतं, दुसऱ्यातलं बहुतेक आत असतं आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. म्हणून चेहऱ्यावरून मनाचा अंदाज बांधू नका. सपाट चेहऱ्याच्या मागे जिवाची तगमग चाललेली असू शकते. उलट, दिवसभर भिंतीकडे पाहत बसलेल्या माणसाला आत काहीच बोचत नसेल, असंही होतं.

अडचण अशी की बोलणं आटलेला माणूस आपलं दुःख सांगणार कसा? ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला तो ‘ठीक’ म्हणतो आणि विषय संपतो. मी अशा वेळी हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतो, आणि उत्तरासाठी नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ थांबतो. ‘सकाळी जाग आल्यावर दिवस नकोसा वाटतो का?’ ‘घरच्यांवर ओझं झालोय असं वाटतं का?’ ‘पुढच्या वर्षी कुठे असशील, याचा विचार येतो का?’ ‘झोपेतच मरण आलं तर बरं, असं कधी वाटलं का?’ एका भेटीत उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या भेटीत, दिवसाच्या वेगळ्या वेळी विचारतो. काही मुलं बोलत नाहीत पण लिहून देतात. कागद-पेन पुढे ठेवून पाहायला काय हरकत आहे?

आनंदाच्या बाबतीत एक बारकावा उपयोगी पडतो. निगेटिव्ह लक्षणांत पुढच्या गोष्टीची ओढ वाटत नाही, पण ती गोष्ट प्रत्यक्ष घडत असताना थोडी मजा येऊ शकते. म्हणजे ‘मॅच बघायला चल’ म्हटलं तर तो उठणार नाही, पण ओढून नेलं तर दोन चौकारांवर डोळे चमकतील. खोल नैराश्यात ते घडत असतानाही सगळं बेचव लागतं आणि वर ‘बाकीचे हसतायत, मलाच काही वाटत नाही’ अशी टोचणी असते. हा नियम पक्का नाही, पण घरच्यांनी टिपून ठेवण्यासारखा नक्की आहे, कारण दवाखान्यात आम्हाला हे दिसत नाही.

मोजण्याच्या साधनांबद्दलही सांगतो. नैराश्य मोजायला सर्रास वापरली जाणारी हॅमिल्टन यांची 1960 सालची मोजपट्टी या कामासाठी बनवलेलीच नव्हती. मंदावणं, रस जाणं यांना तिच्यात गुण मिळतात, त्यामुळे निगेटिव्ह लक्षणं असलेला माणूस उगाच ‘नैराश्यग्रस्त’ ठरतो. कॅनडातल्या कॅल्गरीत 1990 च्या सुमारास स्किझोफ्रेनियासाठी (असा सायकोसिस ज्यात येतो त्या दीर्घ आजारासाठी) खास वेगळी मोजपट्टी तयार झाली. तिच्यात नऊ मुद्दे असतात, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. आठ मुद्दे विचारून भरायचे आणि शेवटचा मुलाखतीत जे दिसलं त्यावरून. तिचा भर निराशा, अपराधीपणा, पहाटेची जाग, आत्महत्येचे विचार यांवर आहे, सपाटपणावर नाही. बेरीज 6 च्या वर गेली तर नैराश्याचा गंभीरपणे विचार करावा, असं साधारण मानतात. भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तुमच्या डॉक्टरांना ती वापराल का, असं निःसंकोच विचारा. चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

आता औषध, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे.

रिस्पेरिडोनसारखी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे डी-2 रिसेप्टर (ते जिथे जोडलं जातं त्या जागा) अडवतात. मेंदूच्या पेट (PET) स्कॅनच्या अभ्यासांतून दिसलं की साधारण 65 टक्के रिसेप्टर अडले की आवाज-संशयावर परिणाम दिसू लागतो आणि 78–80 टक्क्यांच्या पुढे गेलं की पार्किन्सनसारखे दुष्परिणाम (हालचाल मंदावणं, ताठरपणा) वाढू लागतात. या दोहोंमधली पट्टी अरुंद आहे. रिस्पेरिडोनच्या 3 मिलिग्रॅमला बऱ्याच जणांत 70 टक्क्यांच्या आसपास रिसेप्टर अडलेले असतात, 6 मिलिग्रॅमला 80 च्या आसपास किंवा पुढे. पहिल्याच एपिसोडमधल्या तरुणाला कमी डोस पुरतो आणि दुष्परिणामही लवकर होतात. म्हणून तुमच्या भावाच्या चिठ्ठीवरचा 6 हा आकडा वाचूनच मी थबकलो. उचंबळलेल्या अवस्थेत तो डोस लागलाही असेल. आता तेवढाच लागतो का, हा वेगळा प्रश्न आहे.

औषधाने येणारा मंदपणा ओळखायला हातांची थरथर शोधत बसू नका. बऱ्याच तरुणांत थरथर नसतेच, फक्त हालचाल आटते. चालताना एक किंवा दोन्ही हात हलत नाहीत. पापण्या कमी लवतात. अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जातं. कुशीवर वळायला वेळ लागतो. उशी लाळेने ओली होते. बसल्या जागी पवित्रा न बदलता तासभर बसून राहतो. डॉक्टर मनगट आणि कोपर हलवून ताठरपणा पाहतील. तो पाहिला नसेल तर पाहायला सांगा. अशा रुग्णाला विचारलं तर तो ‘उठावंसं वाटतं पण अंग उचलत नाही’ असं सांगू शकतो. या अवस्थेला आतूनही उदास वाटू शकतं. 1970 च्या दशकातच वॅन पुटन आणि मे या डॉक्टरांनी हे ‘अकायनेटिक डिप्रेशन’ नावाने मांडलं होतं. आजही ते नजरेतून निसटतं.

याच्या उलट दिसणारा, पण तितकाच महत्त्वाचा दुष्परिणाम म्हणजे अकॅथिसिया: पाय स्थिर राहत नाहीत, आतून उकळल्यासारखं होतं, एका जागी बसवत नाही. त्याला चिंता किंवा आजार उसळला असं समजून डोस वाढवला तर त्रास आणखी वाढतो. अकॅथिसियाने हैराण झालेल्या माणसाच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, म्हणून तो मी प्रत्येक भेटीत मुद्दाम विचारतो.

बाकीच्या गोष्टी पटकन तपासून घ्याव्यात: झोप आणणारी दुसरी गोळी चालू आहे का, थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (रिस्पेरिडोनने ते बरंच वाढतं), वजन वाढून घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं सुरू झालंय का, गांजा किंवा दारू. आणखी एक शक्यता घरच्यांना नको असते, पण विचारावीच लागते. आवाज खरंच गेलेत, की डोस वाढेल या भीतीने तो सांगत नाहीये? आवाज ऐकण्यात गुंतलेला किंवा कुणाच्या भीतीने खोलीत बसलेला माणूसही बाहेरून असाच गप्प दिसतो.

यातून वाट काढायला मला सगळ्यात जास्त मदत एका साध्या कागदाची होते. त्यावर वर तारखांनुसार डोस लिहायचे आणि खाली त्या त्या वेळी तो कसा होता ते. आवाज यायच्या दोन-तीन वर्षं आधीपासूनच मित्र सुटले, अभ्यास सुटला, खोलीत बसणं वाढलं असेल, तर मूळ निगेटिव्ह लक्षणांची शक्यता वाढते, कारण ती बऱ्याचदा सायकोसिसच्या आधीच सुरू होतात. डोस 4 वरून 6 झाला आणि त्यानंतरच्या काही दिवसांत-आठवड्यांत चेहरा गोठला असेल, तर बोट औषधाकडे जातं. आवाज थांबले, आपल्याला काय झालं होतं ते त्याला कळलं आणि मग महिनाभरात तो खचत गेला, असा क्रम असेल तर नैराश्य. सायकोसिस उतरल्यावर येणारं नैराश्य इतकं ओळखीचं आहे की आयसीडी-10 मध्ये (आजारांच्या जागतिक यादीत) त्याला F20.4 असा स्वतंत्र कोड होता. 26 व्या वर्षी नोकरी, मित्र, स्वतःवरचा विश्वास सगळं हातातून गेल्याचं दुःख हे काही लक्षण नव्हे. पण त्यातूनच नैराश्य येऊ शकतं, आणि ते आलं की त्याचा इलाज करावाच लागतो.

आता डोसचं. औषध एकदम बंद करू नका. झोप उडते, मळमळ-बेचैनी होते आणि आजार उलटण्याचा धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या रडार चाचणीचे दोन वर्षांचे निकाल 2023 मध्ये आले. वारंवार आजार उलटलेल्या किंवा दीर्घकाळ आजारी असलेल्या लोकांत औषध हळूहळू कमी करत जमल्यास थांबवण्याचा प्रयत्न झाला. त्यांत आजार उलटण्याचं प्रमाण वाढलं आणि सामाजिक जगण्यात फायदा दिसला नाही. पण ‘थांबवणं’ आणि ‘गरजेपेक्षा जास्त डोस गरजेइतका करणं’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट मी न घाबरता करतो, फक्त सावकाश. 6 वरून 5, काही आठवडे थांबून 4, तेही घरच्यांच्या नजरेखाली. डोस कमी केल्यावर आठवडाभरात काही बिघडलं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही. आजार उलटायला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. झोप कमी होणं, पुन्हा संशयाची नजर, स्वतःशी पुटपुटणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर गणित पार बदलतं. औषध अंगातून जायला महिने लागतात, त्यामुळे आज केलेल्या बदलाचं उत्तर उशिरा मिळतं. ॲरिपिप्राझोलवर (सायकोसिसच्याच दुसऱ्या एका औषधावर) बदलायचं ठरलं तर तेही लक्षात घ्या की त्याचा अर्धायुकाल, म्हणजे रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 75 तासांचा आहे. रक्तातली पातळी स्थिरावायला दोन आठवडे लागतात आणि मधल्या काळात बेचैनी वाढू शकते. जुनं एकदम तोडून नवं सुरू करण्यापेक्षा दोन्ही एकमेकांवर सरकवत नेणं बरं.

सगळ्यात महत्त्वाचं: एका वेळी एकच बदल. रिस्पेरिडोन कमी केलं आणि त्याच दिवशी फ्लुऑक्सेटिन सुरू केलं, तर महिन्यानंतर फरक कशाने पडला हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय या जोडीत एक खास अडचण आहे. फ्लुऑक्सेटिन आणि पॅरॉक्सेटिन ही दोन्ही सीवायपी-2डी6 हे यकृतातलं एन्झाइम रोखतात, आणि रिस्पेरिडोन त्याच वाटेने मोडतं. म्हणजे गोळी 6 मिलिग्रॅमचीच राहते, पण रक्तातलं औषध वाढतं आणि मंदपणा औषधाचा असेल तर तो आणखी गडद होतो. वर फ्लुऑक्सेटिन अंगात आठवड्यांनी रेंगाळतं, त्यामुळे चूक लक्षात आली तरी लगेच मागे फिरता येत नाही. नैराश्यासाठी औषध हवंच असेल तर सर्ट्रालिन किंवा ईसीजी पाहून एस्सिटालोप्राम या जोडीत सोपं पडतं. फ्लुवॉक्सामिनची भानगड वेगळी आहे, ते क्लोझापिन या सायकोसिसच्या दुसऱ्या औषधाची पातळी धोकादायक वाढवू शकतं.

नैराश्याचं औषध मी कधी सुरू करतो? निराशा, अपराधीपणा, झोपेचा तो ठरावीक बिघाड, मरणाचे विचार हे नीट विचारल्यावर सापडतात तेव्हा. आधी कधी मॅनियाचा (अतिउत्साहाचा, बेफाम उमेदीचा) काळ येऊन गेलाय का हे पाहून घेतो, कारण मग सगळी मांडणीच बदलते. सुरू करताना घरच्यांसमोर लिहून ठेवतो की चार ते सहा आठवड्यांत काय बदलायला हवं: झोप, निराशा, स्वतःबद्दलचं बोलणं. ते बदललं आणि चेहरा तसाच राहिला, तर नैराश्य होतं आणि त्याखाली दुसरंही काही आहे. काहीच बदललं नाही तर गोळी तशीच वर्षभर चालू ठेवत नाही. या गोळ्यांनी काहींच्या भावनाच बोथट होतात, तेव्हा सपाटपणा वाढला तर तिकडेही पाहावं लागतं.

मंदपणा औषधाचाच असल्याची शंका दाट असेल आणि डोस लगेच कमी करणं धोक्याचं वाटत असेल, तर थोड्या काळासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल (हा ताठरपणा-मंदपणा कमी करणारी गोळी) देऊन पाहता येतं. आठवडा-दोन आठवड्यांत चाल मोकळी झाली, चेहरा हलू लागला, तर उत्तर मिळालं. पण ते महिनोन् महिने देण्याच्या मी विरुद्ध आहे. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो आणि स्मरणशक्ती मंदावते, जी या आजारात आधीच ताणलेली असते.

हे सगळं करूनही, आवाज नाहीत, नैराश्य नाही, ताठरपणा नाही आणि सहा महिने चित्र तेच आहे, तर मग मूळ निगेटिव्ह लक्षणं म्हणायला हरकत नाही. तिथेही हात टेकायचे नाहीत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या 26 आठवड्यांच्या चाचणीत, मुख्यतः निगेटिव्ह लक्षणं असलेल्या 461 रुग्णांत कॅरिप्राझिन हे औषध रिस्पेरिडोनपेक्षा सरस ठरलं. फरक माफक होता आणि सावकाश पडत गेला, पण खरा होता. ॲमिसल्प्राइड या लक्षणांसाठी 50 ते 300 मिलिग्रॅम अशा कमी डोसमध्ये देतात, आवाजांसाठी मात्र त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणजे इथे डोस वाढवून फायदा नाही. रोज ठरल्या वेळी एक छोटं काम, चालणं, सोशल स्किल्सचं प्रशिक्षण, मानसोपचार यांचा वाटा गोळ्यांपेक्षा कमी नाही. आणि ‘आळशी झालायस’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये. सतत टोचून बोलणाऱ्या घरात हा आजार जास्त वेळा उलटतो, हे पुन्हा पुन्हा दिसून आलेलं आहे.

नैराश्य की निगेटिव्ह लक्षणं, हे शेवटपर्यंत सुटत नाही अशी प्रकरणं असतात. तेव्हा मी नैराश्य धरून चालतो. स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी सुमारे 5 टक्के लोक आत्महत्येने जातात. सर्वांत धोक्याचा काळ आजाराच्या सुरुवातीच्या वर्षांचा आणि हॉस्पिटलमधून घरी आल्यानंतरचा असतो, आणि ज्याला आपल्या आजाराची जाणीव झाली आहे त्याने निराश होणं विशेष काळजीचं. तुमचा भाऊ नेमका याच टप्प्यावर आहे. त्याला मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याने हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं, वस्तू वाटून टाकणं किंवा निरवानिरवीची भाषा दिसली, किंवा आवाज ‘मर’ म्हणतात असं त्याने सांगितलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी इमर्जन्सीत घेऊन जा, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. गोळ्यांचा साठा तुमच्या ताब्यात ठेवा. असे विचार टिकून राहिले तर क्लोझापिनचा विचार लवकर व्हावा. 2003 साली आलेल्या, 980 रुग्णांच्या दोन वर्षांच्या चाचणीत ते आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्यात ओलान्झापिन या दुसऱ्या औषधापेक्षा सरस ठरलं. त्यासाठी रक्ततपासण्या नियमित कराव्या लागतात, पण त्या धास्तीने ते टाळू नये.

तेव्हा या आठवड्यात एवढं करा. तारखांचा कागद तयार करा. त्याच्या नकळत नव्हे, त्याला सांगून, त्याचा चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. त्याने आजारापूर्वी लिहिलेलं एखादं पान आणि आज लिहिलेलं पान सोबत ठेवा. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवा आणि यापुढे औषधाचे बदल एकाच हातून होऊ द्या. फ्लुऑक्सेटिन सुरू करण्याआधी विचारा की रिस्पेरिडोनबरोबर ते चालेल का, आणि आधी डोसचा प्रश्न सोडवायचा का. भेटीतली पहिली दहा मिनिटं त्याला एकट्याला डॉक्टरांशी बोलू द्या. तुमच्यासमोर जे तो बोलणार नाही, ते तिथे बोलण्याची शक्यता जास्त आहे.